बोलका गुमास्ता

व्यापाराच्या परिभाषेत 'गुमास्ता' हा शब्द फार जुना आहे. धन्याच्या वतीने गिऱ्हाइकाशी बोलणारा, भाव सांगणारा, माल दाखविणारा आणि धनी परगावी गेला असता गादी सांभाळणारा विश्वासू मनुष्य, तो गुमास्ता. फारसीतून आलेला हा शब्द असा काही रुळला आहे की आजही इंदुरात काय किंवा मुंबईत काय, दुकानाची सरकारी नोंद करून घ्यावयाची म्हटली म्हणजे लोक "गुमास्ता काढला का?" असेच विचारतात. गुमास्त्याची निवड करताना जुने व्यापारी फार चोखंदळ असत आणि त्याला कारणही तसेच होते. गुमास्त्याने दिलेला शब्द धन्याला पाळावा लागे.

अलीकडे या जुन्या पदावर एक नवा उमेदवार येऊन उभा राहिला आहे. त्याला पगार थोडा लागतो, झोप मुळीच लागत नाही, आणि एकाच वेळी शंभर गिऱ्हाइकांशी बोलतानाही त्याचा स्वर चढत नाही. इंग्रजीच्या प्रभावाने त्याला 'चॅटबॉट' हे नाव पडले आहे. आम्ही त्याला बोलका गुमास्ता म्हणणार आहोत. रेल्वेची तिकिटे घरबसल्या काढणाऱ्यांना आयआरसीटीसीची 'आस्क दिशा' २०१८ पासून ठाऊक आहे. २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या साथीच्या आरंभी, केंद्र सरकारने व्हॉट्सॲपवर जो मदत-क्रमांक सुरू केला, त्यावर उत्तरे देणाराही याच कुळातला होता. मोठ्या संस्थांच्या दारी दिसणारा हा नोकर आता घरगुती उद्योग करणाऱ्यांच्याही आवाक्यात आला आहे, आणि त्याला कामाला लावण्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. मग काय शिकावे लागते, आणि त्याच्या हाती काय देऊ नये, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गादी फोनवर आली

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरे प्रायः नोकरीपेशाची, असा समज आहे. तो पूर्वीही पूर्णपणे खरा नव्हता आणि आज तर नाहीच. कोणी दिवाळीचा फराळ करून देते, कोणी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला दळून देते, कोणी नऊवारी शिवून देते, कोणी शिकवण्या घेते. यांतील बहुतेक उद्योगांना दुकान नाही, पाटी नाही. घरातील एका स्त्रीचा हात, तिच्या हाताला असलेली चव आणि तिच्या मोबाइल फोनचा क्रमांक एवढेच काय ते भांडवल. पूर्वी गिऱ्हाईक गादीशी येई. आता गादीच फोनवर आली आहे.

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात या फोनचे काय होते, ते ज्यांच्या घरी असा उद्योग आहे त्यांना सांगणे न लगे. एका हाताला चकलीचे पीठ लागलेले आहे, कढईतील तेल तापले आहे, आणि फोन दर दोन मिनिटांनी वाजतो आहे. प्रश्न पाहावेत तर तेच ते. चकली कशी दिली? अनारसे आहेत का? घरपोच मिळेल का? पुण्याला मुलाकडे पाठवाल का? मागणी कधीपर्यंत घ्याल? पैसे कसे द्यायचे? शाळेच्या कार्यालयातही प्रवेशाच्या दिवसांत हाच अनुभव येतो. शंभर पालक येतात. पण प्रश्न दहाच असतात, आणि त्या दहांची उत्तरे शंभर वेळा देता देता लिपिकाचा घसा बसतो.

घरगुती उद्योगाला हे अधिक जाचते. उत्तर देण्यास उशीर झाला तर गिऱ्हाईक रागावत नाही, तक्रार करीत नाही. ते निमूटपणे दुसरीकडे जाते आणि गेल्याचे कळतही नाही. म्हणून मग रात्री अकराला, सगळी झाकपाक झाल्यावर, घरातील ती स्त्री डोळे ताणून उत्तरे लिहीत बसते. बोलक्या गुमास्त्याचा खरा उपयोग येथे आहे. त्याने उद्योग दुप्पट होईल असे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु त्या माउलीची रात्रीची दोन तासांची झोप त्याने परत मिळवून दिली, तरी त्याचा पगार वसूल झाला असे समजावे.

फुलराणीचे भावंड

यंत्राशी माणसाने लेखी संभाषण करावे, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये अशा एका संगणकीय रचनेची माहिती प्रसिद्ध केली. तिचे नाव त्यांनी 'एलायझा' ठेवले आणि ते घेतले बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीवरून. मराठी वाचकांना ही मुलगी परकी नाही. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून केलेली 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आली, आणि भक्ती बर्वे यांनी तिच्यातील मंजुळा अजरामर केली. तेव्हा आजचे हे बोलके यंत्र नात्याने आपल्या फुलराणीचेच भावंड ठरते!

नाटकातील मुलगी भाषा शिकते, तिच्याबरोबर मनानेही वाढते, आणि अखेरीस आपल्या गुरूलाच जाब विचारते. यंत्रातील एलायझाला यांतले काहीच येत नव्हते. समोरच्याच्या वाक्यातील एखादा ठरीव शब्द ती हेरी आणि त्या शब्दासाठी आधीच लिहून ठेवलेले वाक्य पुढे करी. कोणी आईचे नाव काढले की ती घरच्या माणसांविषयी अधिक सांगण्यास सांगे. एवढ्यावर माणसे भुलली. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिव बाईंनी तर यंत्राशी चार वाक्ये बोलल्यावर, आपल्याला एकांत हवा म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! हे पाहून ते गृहस्थ अस्वस्थ झाले. यंत्राला जी कामे करता येतात ती सर्वच त्याच्याकडे सोपवावीत काय, हा प्रश्न त्यांनी १९७६ साली एक ग्रंथ लिहून जगापुढे मांडला. तो प्रश्न आपण लेखाच्या शेवटी पुन्हा हाती घेऊ.

गुमास्त्यांच्या दोन जाती

आज मिळणारे बोलके गुमास्ते ढोबळमानाने दोन जातींचे आहेत.

पहिली जात पढविलेल्या पोपटाची. आपण जे प्रश्न आणि जी उत्तरे लिहून ठेवू, त्यांपलीकडे तो एक अक्षर बोलत नाही. गिऱ्हाइकापुढे तो दोनतीन पर्याय ठेवतो. त्यांतील एकावर बोट ठेवले की त्याचे उत्तर किंवा त्यापुढील पर्याय दाखवितो. त्याला कल्पकता नाही, पण तो थापही मारीत नाही.

दुसरी जात वाचाळ पंडिताची. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आल्यापासून ही जात सर्वतोमुखी झाली. अफाट मजकूर वाचून, एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधीत तो वाक्ये रचतो. कोणी कसाही वाकडातिकडा प्रश्न विचारला तरी तो समजून घेण्याचा यत्न करतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु शोभणारे वाक्य आणि खरे वाक्य यांत भेद असतो. उत्तर ठाऊक नसताही हा पंडित तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो, आणि नसलेली सवलतही देऊन मोकळा होतो. त्याला आपल्या उद्योगाची माहितीपुस्तिका वाचावयास देता येते आणि 'हिच्याबाहेरचे काही सांगू नकोस' अशी ताकीदही देता येते. त्याने धोका पुष्कळ कमी होतो; नाहीसा होत नाही.

घरगुती उद्योगाने आरंभ पोपटापासून करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंडित ठेवावयाचाच झाला तर वर्षभराने, आणि तोही भाव, तारखा व पैसे या तीन विषयांत पोपटाच्याच पिंजऱ्यात ठेवावा.

आधी वही, मग यंत्र

या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्राशी संबंधित नाहीच. एक शंभर पानी वही घ्यावी. दोन आठवडे गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, तिच्यात उतरवून घ्यावा. त्यांचे शब्द सुधारू नयेत. गिऱ्हाईक 'चकलीचा दर काय आहे' असे लिहीत नाही; ते 'चकली कितीला', 'चकली क्या भाव', 'रेट सांगा ना ताई' असे लिहिते, आणि पुष्कळदा मराठी वाक्य रोमन लिपीत लिहिते. हे सारे जसेच्या तसे उतरले पाहिजे.

दोन आठवड्यांनी वही उघडून सारख्या अर्थाचे प्रश्न एकत्र करावेत. बहुधा दहाबारा गट पडतात. प्रत्येक गटाला एक उत्तर लिहावे. उत्तर दोनतीन वाक्यांत संपावे, त्यात एकच गोष्ट सांगावी आणि ते आजच्या दिवशी खरे असावे. भावाच्या उत्तरात 'हे भाव अमुक तारखेपर्यंत' असे अवश्य लिहावे. माणसाला गेल्या वर्षीचा भाव सांगताना संकोच वाटतो. यंत्राला तो वाटत नाही. तूप महागले हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

ही वही तयार झाली म्हणजे तीन-चतुर्थांश काम झाले. ज्यांना वही लिहिण्याचा कंटाळा आहे, त्यांनी यंत्राच्या वाटेला जाऊ नये. पाठ्यपुस्तक नसलेल्या वर्गात शिक्षक जसा बडबडत राहतो, तसे त्यांचे यंत्र बडबडत राहील.

फुकटची सोय प्रथम

वही हाती आल्यावर पैसे खर्च करण्याची घाई करू नये. व्हॉट्सॲपने २०१८ च्या जानेवारीत छोट्या व्यावसायिकांसाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' नावाचे निराळे ॲप काढले. ते विनामूल्य आहे आणि त्यात चार सोयी आहेत. पहिली स्वागताच्या संदेशाची : प्रथमच लिहिणाऱ्याला, अथवा चौदा दिवसांच्या खंडानंतर पुन्हा लिहिणाऱ्याला, तो आपोआप जातो. दुसरी अनुपस्थितीच्या संदेशाची : 'रात्री नऊ ते सकाळी आठ आम्ही उत्तर देऊ शकत नाही, सकाळी अवश्य कळवू' हे आपल्या वतीने सांगितले जाते. तिसरी तयार उत्तरांची : वहीतील उत्तरे येथे साठवून ठेवावीत, पन्नासपर्यंत मावतात; तिरपी रेघ आणि एक छोटासा खुणेचा शब्द लिहिला की पूर्ण उत्तर समोर येते. चौथी सोय मालाच्या यादीची. तीत छायाचित्र, भाव आणि वर्णनासह पाचशेपर्यंत जिन्नस मांडता येतात.

याला खऱ्या अर्थाने बोलका गुमास्ता म्हणता येणार नाही, कारण तयार उत्तर पाठविण्यास आपलेच बोट लागते. परंतु दिवसाला वीसपंचवीस विचारणा असलेल्या घराला एवढे पुरते. येथेच काम भागले तर पुढील दोन प्रकरणे वाचून सोडून द्यावीत; गरज नसता नोकर ठेवणे हे आपल्या घरांच्या रीतीत बसत नाही.

चौकटी आणि बाण

विचारणा याहून अधिक असतील तर पुढची पायरी. 'वाटी', 'इंटरॅक्ट', 'आयसेन्सी' अशा नावांच्या अनेक कंपन्या व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेवर बोलका गुमास्ता उभारून देण्याची व्यवस्था मासिक वर्गणीने पुरवितात. वर्गणी ठरविताना तीत कायकाय येते आणि व्हॉट्सॲपचा स्वतःचा आकार निराळा किती, हे लेखी विचारून घ्यावे. गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारल्यावर चोवीस तासांच्या आत दिलेल्या उत्तरावर आकार घेणे व्हॉट्सॲपने १ नोव्हेंबर २०२४ पासून बंद केले. ती मुदत उलटली की मात्र आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातीलच संदेश पाठविता येतो. आपला चालू क्रमांक या सेवेला जोडण्यापूर्वी, फोनवरील नेहमीचे ॲप त्याच्याबरोबर चालू राहील की नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

या ठिकाणी 'कोडिंग' नाही ते असे. पडद्यावर रिकामी पाटी दिसते. तिच्यावर आपण चौकटी ओढून ठेवावयाच्या, प्रत्येक चौकटीत वहीतील एक उत्तर लिहावयाचे, आणि एका चौकटीपासून दुसरीकडे बाण काढावयाचा. वंशावळ काढता येणाऱ्या कोणालाही हे जमेल. मूळ पुरुषाच्या जागी स्वागत. त्याची मुले म्हणजे 'भाव', 'घरपोच' आणि 'घरच्यांशी बोला'. 'भाव' याची मुले म्हणजे चकली, शेव, लाडू, करंजी. तिसऱ्या पिढीपुढे वंश वाढवू नये. चार वेळा बोट दाबूनही उत्तर मिळाले नाही तर गिऱ्हाईक कंटाळते.

येथे मराठी माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक बारीकशी अडचण आहे. व्हॉट्सॲपच्या एका संदेशात बटणे तीनच ठेवता येतात आणि एका बटणावर वीस वर्ण मावतात. 'घरपोच सेवेविषयी माहिती' हा मजकूर आपण मोजला तर अक्षरे बाराच भरतात. यंत्र मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि शब्दांमधील रिकामी जागाही वेगळी मोजते. त्याच्या हिशेबी तेथे बावीस वर्ण होतात आणि मजकूर नाकारला जातो. 'घरपोच मिळेल का?' असे लिहिले की काम होते, आणि वाक्यही अधिक घरगुती वाटते. तीनाहून अधिक पर्याय हवे असतील तर यादी दाखविण्याची सोय आहे; तीत दहा ओळी मावतात.

व्याकरणाचा उपयोग

गिऱ्हाईक बटण न दाबता स्वतःच्या शब्दांत काही लिहील, त्याचीही तजवीज करावी लागते. त्यासाठी यंत्राला खुणेचे शब्द द्यावयाचे असतात : अमुक शब्द दिसला की अमुक चौकटीकडे जा. इंग्रजीसाठी केलेली ही युक्ती मराठीत आली की अडखळते, कारण आपली नामे प्रत्ययापूर्वी रूप पालटतात. खुणेचा शब्द 'चकली' दिला तर 'चकल्या' पाहून यंत्र गोंधळते. 'लाडू' दिला तर 'लाडवांचा भाव' त्याला ओळखू येत नाही. शाळेत सामान्यरूप शिकताना ज्यांनी 'याचा पुढे काय उपयोग?' असे विचारले होते, त्यांना हे उत्तर आहे! यावर उपाय असा की 'पूर्ण शब्द जुळावा' ही अट काढून 'शब्दात हा अंश असावा' अशी अट घालावी आणि न बदलणारा अंश द्यावा : 'चकल', 'लाड', 'करंज'.

अर्थात येथेही डोके चालवावे लागते. 'शेव' हा अंश दिला, आणि कोणी 'मागणीची शेवटची तारीख कोणती?' असे विचारले, तर यंत्र त्याला शेवेचा भाव सांगेल. 'अनार' हा अंश दिला की हिंदी भाषक गिऱ्हाइकाच्या डाळिंबालाही ते अनारसे समजेल. म्हणून खुणांची यादी झाल्यावर एकेक शब्द घेऊन 'हा आणखी कोठे दडला आहे?' असे स्वतःला विचारावे. घरात कोणी शब्दकोडी सोडविणारे आजोबा असतील तर हे काम त्यांना द्यावे. ते आनंदाने करतील.

भाषेचा प्रश्न मात्र याहून मोठा आहे. आपली गिऱ्हाइके एका भाषेची नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बडोद्याला गुजराती, बेळगावला कन्नड, गोव्यात कोंकणी बोलणारे शेजारी आपला फराळ आवडीने घेतात, आणि त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न भाषेचा ठेवावा. परंतु सोयीच्या नावाखाली मराठीचे बटण गाळू नये. तयार साचे बहुधा इंग्रजीत मिळतात. मराठी उत्तरे आपणच लिहावयाची असतात. आपण लिहिली नाहीत तर मराठी घराचा गुमास्ता मराठी गिऱ्हाइकाशीही परक्या भाषेत बोलेल, आणि ती परकी भाषा यंत्राने लादली असे म्हणण्याची सोय आपल्याला राहणार नाही. दोन पिढ्यांपूर्वी परमुलखात आलेल्या घरांनी दिवाणखान्यात नाही तरी स्वयंपाकघरात मराठी टिकविली. आता स्वयंपाकघराचा उंबरा फोनच्या पडद्यावर आला आहे.

शब्द कोणाचा?

गुमास्त्याचा शब्द धन्याला बांधतो, हे आरंभी म्हटले. बोलक्या गुमास्त्याच्या बाबतीत हा प्रश्न न्यायासनासमोर जाऊन आला आहे. २०२२ मध्ये कॅनडातील एका गृहस्थाची आजी वारली. अंत्यविधीला जाण्यासाठी त्याने एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटला भाड्यातील सवलतीविषयी विचारले. आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांच्या आत सवलतीसाठी अर्ज करा, असे यंत्राने सांगितले. कंपनीचा नियम मात्र तसा नव्हता. प्रवासानंतर सवलत मिळत नसे. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे कंपनीने असा युक्तिवाद केला की चॅटबॉट ही स्वतंत्र हस्ती असून आपल्या बोलण्याला तीच जबाबदार आहे! न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे म्हणणे अमान्य केले. कंपनीच्या संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच, मग ती साध्या पानावर असो की यंत्राच्या तोंडी असो, असा निर्णय देऊन गृहस्थास सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर देवविले.

रक्कम किरकोळ आहे. तत्त्व किरकोळ नाही. तो निवाडा परक्या देशाचा, म्हणून आपल्याला तो लागू नाही असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या पेठांत तो कायद्याच्या आधीपासून लागू आहे. 'यंत्र चुकले' हे उत्तर देऊन आपण भांडण टाळू शकू. गिऱ्हाईक राखू शकणार नाही. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. वीस प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका काढावी. त्यांतील दहा प्रश्न सरळ, पाच तिरके आणि पाच अभ्यासक्रमाबाहेरचे असावेत. अभ्यासक्रमाबाहेरच्या पाचही प्रश्नांना यंत्राने 'हे मला सांगता येणार नाही. घरातील माणसाला विचारून कळवितो' असे उत्तर दिले तरच ते उत्तीर्ण समजावे. नाही म्हणता येणे ही त्याची पहिली विद्या होय. पुढेही आठवड्यातून एकदा, त्याला उत्तर न देता आलेल्या प्रश्नांची यादी काढून वहीत भर घालावी. हा पोपट स्वतःहून काही शिकत नाही. शिकवावे तेवढेच शिकतो.

गिऱ्हाइकाचा पत्ता, क्रमांक आणि मागणी यंत्राजवळ साठत जाते, याचेही भान असावे. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. त्याचे मर्म साधे आहे : लागेल तेवढेच विचारा, ज्यासाठी विचारले त्यासाठीच वापरा. फराळ पोचविण्यास जन्मतारीख लागत नाही. बँकेचा ओटीपी तर कोणत्याही कारणाने मागू नये. आणि 'आम्ही तो कधीही मागत नाही' हे वाक्य पैशांच्या उत्तरात लिहून ठेवावे, म्हणजे आपल्या नावावर दुसरा कोणी मागू लागला तर गिऱ्हाईक सावध होईल.

माणसाची जागा

आता वायझेनबाउम यांच्या प्रश्नाकडे येऊ. काय सोपवावे आणि काय सोपवू नये?

समजा, एखाद्या संध्याकाळी कोणी लिहिले, 'एकशे एक लाडू हवेत, बुधवारी सकाळी.' यंत्राला एवढाच बोध होतो की मागणी मोठी आहे. 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी आहोत' असे गोड वाक्य त्याच्या चौकटीत कोणी हौसेने लिहून ठेवलेले असेल, तर ते तत्परतेने तेच पाठवील. परंतु ते लाडू तेराव्याचे असतील तर? माणूस 'कशासाठी हवेत हो?' असे हळूच विचारतो, उत्तर ऐकून क्षणभर थांबतो, आणि मग पैशांचा विषय काढत नाही. हे थांबणे यंत्राला शिकविता येत नाही. वीस वर्षांचे गिऱ्हाईक अशा एका प्रसंगी जोडले जाते, आणि अशाच एका प्रसंगी कायमचे तुटते.

म्हणून काही नियम पक्के करावेत. यंत्राने पहिल्याच वाक्यात आपण यंत्र असल्याचे सांगावे. ताई किंवा काकू होऊन बोलू नये. प्रत्येक चौकटीतून 'घरच्यांशी बोला' या वाटेला बाण असावा, आणि ती वाट लपवू नये. मोठी मागणी, तक्रार, आजारपण, मृत्यू आणि उधारी हे विषय निघताच यंत्राने गप्प बसून माणसाला हाक मारावी. आणि त्या हाकेला माणसाने, ठरलेल्या वेळेत का होईना, ओ द्यावी. ती ओ मिळणार नसेल तर बाकी सारी व्यवस्था व्यर्थ आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना या नव्या नोकराचा राग येतो. गिऱ्हाईक काय यंत्राशी बोलायला आपल्याकडे येते, असे त्या विचारतात. त्यांचा राग आम्हांला अस्थानी वाटत नाही. तो दूर करण्याचा मार्ग म्हणजे वही त्यांच्यापुढे ठेवणे. कोणाला अनारसे नरम लागतात, कोणाकडे लहान मूल असल्याने तिखट कमी घालावे लागते, कोणाची आठवण वसुबारसेच्या आधी काढली पाहिजे, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे आणि कोणत्याही यंत्रात नाही. तरुणांनी चौकटी आणि बाण काढावेत. त्या चौकटींत काय लिहावयाचे आणि कोठे माणसाने बोलावयाचे, हे वडिलांनी ठरवावे. भाव, तारीख आणि घरपोचीचा हिशेब यंत्राने खुशाल सांगावा. त्यातून वाचलेला वेळ मात्र फोन उचलून दोन शब्द बोलण्यासाठी खर्च व्हावा. तसे झाले तर हा बोलका गुमास्ता घराला लाभला असे म्हणू; नाहीतर तो गादीवर बसून राहील आणि धनी घरात असूनही गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही.